गाव निघालं, चर्च मागे राहिलं


गाव सोडायची वेळ आली तर माणसं काय काय उचलतात? भांडीकुंडी, धान्य, गुरं आणि देव! मुंबईतल्या एका गावानं तर आपलं चर्चच नेलं. फक्त भिंती तेवढ्या मागे राहिल्या.

अंधेरीत 'सीप्झ' नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. ती १९७३ साली सुरू झाली. तिच्या आवारात, कारखान्यांच्या गर्दीत एक छप्पर नसलेलं चर्च उभं आहे. पूर्वी इथे कोंडिविटे गावची शेतं होती. हा भाग साष्टी बेटातला, आणि साष्टीवर राज्य होतं पोर्तुगीजांचं. त्यांच्या जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली हे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च बांधलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही ५१ वर्षं आधी!

पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. राज्यं बदलली, पण गाव काही हललं नाही. त्याला हलवलं ते रोगानं. १८४० च्या सुमारास इथे साथ आली आणि लोक घरंदारं सोडून शेजारच्या मरोळला गेले.

त्यांना भित्रे म्हणू नका हं! साथी कशा पसरतात हेच तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कॉलरा घाण पाण्यातून पसरतो हे डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये दाखवून दिलं, तेही १८५४ साली. तोवर जागा सोडणं हाच मोठा उपाय.

जाताना लोकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि वेद्या सोबत घेतल्या. बाळाच्या बाप्तिस्म्याचं पाणी ज्यात ठेवतात ते पात्रही नेलं. मरोळच्या नव्या चर्चमध्ये ते सगळं पुन्हा मांडलं. म्हणजे आजी-आजोबांचा बाप्तिस्मा ज्या पात्राशी झाला, तिथेच नातवंडांचाही! रिकाम्या चर्चचं छप्पर गेलं, भिंतींवर झाडं उगवली. तरी पुढच्या पिढ्या वर्षातून एकदा तिथे प्रार्थनेला जमत राहिल्या.

आपल्या इचलकरंजीला हे परकं वाटायला नको. २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठच्या किती घरांनी रातोरात सामान हलवलं! मागाच्या कामासाठी गाव सोडून इथे आलेली घरं तर गल्लोगल्ली आहेत. आज आजीला विचारा, "आपण मूळचे कुठले? येताना काय आणलं, काय तिथेच राहिलं?" ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. भिंती पडतात, पण लिहिलेलं टिकतं. मग, आजच विचारणार ना?