काळ्या रुपयाची प्रत

वापरलेल्या चांदीच्या नाण्याची प्रत झिजेवरून ठरते. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर जो काळा थर चढतो, त्याचा विचार नंतर, नाण्याच्या देखणेपणात. झीज म्हणजे गेलेली चांदी, काळेपणा म्हणजे वर बसलेला थर. या दोहोंची गल्लत या आठवड्यात सुरतेच्या चौकबाजारात पुन्हा दिसली. कंपनीच्या काळातले दोन सुरती रुपये शेजारी ठेवलेले होते, आणि घासून लख्ख केलेल्याला काळ्यापेक्षा जास्त भाव सांगितला जात होता.

दोन्हींवर मुघल बादशहा शाह आलम दुसऱ्याचे नाव आणि जुलूस वर्ष, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, ४६; हे वर्ष कंपनीने ठशावर पुढेही तसेच गोठवून ठेवले. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. हातोड्याने पाडलेल्या अशा रुपयांचा ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने काठाची अक्षरे अर्धीच उमटतात. न उमटलेले अक्षर झिजेत मोजायचे नाही.

काळ्या रुपयाच्या फारसी अक्षरांभोवती गडद राखाडी रंग मुरलेला होता आणि उंचवटे बोटांनी घासून फिके पडले होते. पाटीवर खडूने लिहावे तसा मजकूर उठून दिसत होता. दिव्याखाली तिरपा फिरवला तरी रंग कुठे तुटत नव्हता. लख्ख रुपयावर तीच अक्षरे सपाट वाटत होती. भिंगाखाली एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकलेली पांढरी भुकटी. लक्ष्मीपूजनाच्या तयारीत लिंबायत-उधन्यातल्या मराठी घरांत चांदी रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासली जाते, तिचीच ही खूण. अशा घासण्याने चांदीचा वरचा पापुद्रा जातो, तो परत येत नाही. प्रत ठरवणाऱ्या मोठ्या संस्था ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. घासलेले नाणे ओळखू आले की त्या गुण देत नाहीत, ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. बाजाराने तोच नियम पाळायला हवा.

उलटी लबाडीही चालते. गंधकाचा पातळ थर आधी पिवळसर, मग जांभळा, निळा दिसतो आणि जाड झाल्यावर काळा पडतो. कोऱ्या नाण्याच्या तकाकीवर हे रंग शोभतात. झिजलेल्या रुपयावर मात्र मोरपिशी पट्टे उंचवट्यांवरूनही सारखेच वाहत असतील, ताज्या ओरखड्यातही उतरले असतील, तर ते बहुधा मुद्दाम चढवलेले असतात. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांना वेगळा निकष हवा. त्यातल्या तांबे, निकेल, जस्तामुळे रंग मळकट येतो.

सराफाच्या ठशाबद्दल या स्तंभाचे मत वाचकांना ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. चांदी पारखताना मारलेली ती बारीक खूण रुपया हातोहात फिरल्याचा पुरावा आहे. तिच्यासाठी गुण कापणे अन्यायाचे आहे, मग ती अक्षरावर का पडलेली असेना.

देखणेपणात शेवटी एकच पाहावे: रंगामुळे मजकूर उजळतो की बुडतो. खाचांत मुरलेला, सलग राखाडी रंग सर्वांत चांगला. डाग-डाग पडलेला किंवा अक्षरे गिळणारा काळा थर असेल, तर प्रत तीच राहते, भाव उतरतो.

यंदाच्या पूजेत आजीच्या डब्यातला रुपया न घासता, आहे तसाच ताटात ठेवावा.