शिस्तीची चौकशी आणि खेळाडूचा वकील

२१ जानेवारी २००७ रोजी नागपुरात भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात एकदिवसीय सामना झाला. पुढच्याच महिन्यात नागपूर पोलिसांनी मार्लन सॅम्युअल्स आणि एक सट्टेबाज यांच्या दूरध्वनीवरील संभाषणाचा तपशील उघड केला. मे २००८ मध्ये वेस्ट इंडीजच्या मंडळाने सॅम्युअल्सवर दोन वर्षांची बंदी घातली. पुरावा नागपूरचा आणि निवाडा समुद्रापलीकडचा, असा हा प्रकार होता. त्यातील दोषादोषाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. शिस्तपालन समितीपुढे उभा राहणारा खेळाडू आपली उपजीविका आणि अब्रू दोन्ही गमावू शकतो. परंतु अटक झालेल्या आरोपीला राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला वकिलाचा हक्क त्याला त्याच भक्कमपणे लाभत नाही.

खासगी संस्थांच्या अंतर्गत चौकशीत वकिलाला मज्जाव करता येतो, ही भूमिका जुनी आहे. १९७१ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने फुटबॉल संघटनेचा असा नियम ग्राह्य धरला होता. आपल्याकडे मात्र मुंबई बंदर विश्वस्त मंडळाविरुद्धच्या नाडकर्णी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली महत्त्वाचा अपवाद केला. मालकाच्या बाजूने कायद्याचे जाणकार उभे असताना कर्मचाऱ्याला वकील नाकारणे हा नैसर्गिक न्यायाचा भंग होय, असे न्यायालयाने ठरविले. तो निकाल नोकरीतील चौकशीचा होता. परंतु धनाढ्य क्रीडा संघटना आणि एकटा खेळाडू यांचे नाते याहून निराळे आहे, असे कोण म्हणेल?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आयपीएलमधील गैरप्रकारांबद्दल १३ सप्टेंबर २०१३ रोजी क्रिकेट नियामक मंडळाने श्रीशांत आणि मुंबईचा अंकित चव्हाण या दोघांवर आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोघांनाही आरोपमुक्त केले, तरी बंदी कायम राहिली. श्रीशांत केरळ उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये त्या न्यायालयाने शिक्षेच्या मुदतीचा फेरविचार करण्यास सांगितले आणि मंडळाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. चव्हाणला तीच सवलत मिळाली ती २०२१ मध्ये. म्हणजे सात वर्षांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपून गेल्यानंतर! एकाने लढून मिळविलेले तत्त्व दुसऱ्याच्या दारी आपोआप पोहोचले नाही. न्याय मागण्याची ताकद हीच न्यायाची अट होऊन बसते, ती अशी.

वकील आले की तांत्रिक मुद्दे निघतात आणि विलंब होतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु वकील म्हणजे सुटकेची हमी नव्हे. २०१६ मध्ये मुंबईचा मल्ल नरसिंग यादव याला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीने निर्दोष ठरविले. तथापि रिओ येथे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातलीच. २०२४ मध्ये पॅरिस येथे विनेश फोगाटचे प्रकरण शिस्तभंगाचे नव्हे, वजनाचे होते. तिच्यासाठी फ्रेंच वकील विनामूल्य उभे राहिले आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या वतीने नागपूरचे हरीश साळवे यांनी युक्तिवाद केला. तरीही दावा फेटाळला गेला. मात्र तिची बाजू मांडलीच गेली नाही, असे कोणालाही म्हणता आले नाही. निकालाला प्रतिष्ठा येते ती यामुळे.

उत्तेजकांच्या प्रकरणांत तर वकिलाची गरज अधिक आहे. तेथे नमुन्यात द्रव्य सापडणे हाच दोष मानला जातो. ते शरीरात कसे गेले, हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो. नियमांनी वकिलाला मुभा दिली आहे, पण ती खेळाडूच्या स्वतःच्या खर्चाने. गावच्या तालमीतून आलेल्या मुलाला या मुभेचा उपयोग काय?

यावरचा उपाय दूर शोधण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने स्थापन झालेली अर्धन्यायिक प्राधिकरणेही येतात. २०२२ च्या उत्तेजकविरोधी कायद्यामुळे नाडाच्या शिस्तपालन समितीला वैधानिक आधार मिळाला असल्याने विनामूल्य कायदेविषयक साह्य तेथेही दिले पाहिजे, असा अर्थ सरळ निघतो. स्त्रिया, अल्पवयीन मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तर हे साह्य उत्पन्नाची अट न घालता मिळते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. परंतु पहिल्याच चौकशीत बाजू नीट मांडली गेली नाही, तर वरच्या पायरीवर जाऊन हाती काय लागणार?

उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विधी विद्यापीठ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही तिन्ही नागपुरात आहेत. विदर्भातील खेळाडूंसाठी या संस्थांनी क्रीडा कायदा जाणणाऱ्या वकिलांची यादी सिद्ध केली आणि नोटीस हाती पडताच खेळाडूला ती मिळण्याची सोय केली, तर त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. शिस्त राखण्याचा अधिकार क्रीडा संघटनांना अवश्य असावा. परंतु ज्याला शिक्षा करावयाची, त्याचे म्हणणे समर्थपणे मांडले जाईल, एवढी दक्षता घेणे हाही त्याच शिस्तीचा भाग आहे.