फुलं बघायला बसनेच जावं



मार्च संपत आला की ज्यांची मुलं युरोपात आहेत त्या घरांत एक विषय हमखास निघतो, हॉलंडची ट्यूलिपची बाग. मग दुसरा प्रश्न, जायचं कसं? गाडी भाड्याने घ्यायची की बसने? आणि तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. आजीला न्यायचं की घरी ठेवायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळ्यांनी जावं, आजीसकट जावं, आणि बसनेच जावं. का ते आता सविस्तर सांगते.

बागेचं नाव क्यूकेनहॉफ. लिसे नावाच्या गावात, ॲमस्टरडॅमपासून फार लांब नाही. साधारण ८० एकरांची बाग आणि दरवर्षी त्यात सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे ती लोकांसाठी उघडी असते. बाकी वर्षभर बंद. मला सगळ्यात गंमत वाटली ती नावाची. क्यूकेन म्हणजे स्वयंपाकघर आणि हॉफ म्हणजे अंगण. पंधराव्या शतकात या जागेतून तिथल्या गढीच्या मुदपाकखान्यासाठी भाजीपाला जायचा. म्हणजे आपली परसबागच की! कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपला माल दाखवण्यासाठी १९४९ मध्ये इथे बाग करायचं ठरवलं आणि १९५० मध्ये ती लोकांना खुली झाली. आपल्या पिढीला ती ठाऊक आहे ‘सिलसिला’मुळे.

आता बसचं. शिफोल विमानतळाच्या बाहेरून हंगामात ८५८ नंबरची बस थेट बागेच्या दारात सोडते. अर्धा ते पाऊण तास लागतो. लायडन स्टेशनवरूनही बस आहे, ८५४ नंबरची. बागेचं आणि बसचं मिळून एकच तिकीट ऑनलाइन काढता येतं. ते काढलं नसेल तर बँकेचं कार्ड चढताना एकदा आणि उतरताना एकदा यंत्राला लावायचं. उतरताना विसरू नका, नाहीतर पैसे जास्त कापले जातात. बसचा तळ खाली असतो, आपल्या एसटीसारख्या तीन उंच पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. बाळाची गाडी, चाकाची खुर्ची सगळं आत जातं.

आमच्या घरीही यावरून बरीच चर्चा झाली. आम्ही सहा जण होतो. मी, आमचे हे, सासूबाई, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. मुलगा म्हणाला, “आई, आजीला बस झेपायची नाही, आपण गाडी करू.” बोलला प्रेमानेच. पण भाड्याची साधी गाडी पाच जणांची. मोठी गाडी दुप्पट महाग. आणि मैत्रिणींनो, गाडीत जागा पाच आणि माणसं सहा असली की कोण उरतं हे मला सांगावं लागेल का? सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं, “तुम्ही जाऊन या बाळांनो, मी माळ ओढत बसते घरी.”

हे वाक्य आपण प्रत्येक घरात ऐकलंय. लग्नाला, सहलीला, तीर्थाला. आणि आपण ते फार लवकर खरं मानतो. वय झालेलं माणूस “मी थांबते” म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याने आपली अडचण ओळखलेली असते, इच्छा संपलेली नसते. गाडी सीटा मोजते. बसला सहावं माणूस जड होत नाही. म्हणून मी म्हटलं, जायचं तर सहाजण आणि बसने.

झेपण्याबद्दल माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांना प्रवासापेक्षा घाई झेपत नाही. एक बस चुकली तर पुढची येते, एवढं घरातल्या तरुणांनी मनाशी ठरवलं की आजी मजेत चालते. आम्ही विमानतळावर बाकावर बसून एक भरलेली बस जाऊ दिली आणि पुढच्या बसमध्ये पहिले चढलो. एका कॉलेजच्या मुलीने उठून आईंना खिडकीची जागा दिली. लिसे जवळ आलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं लागली. लाल पट्टा, पिवळा पट्टा, जांभळा पट्टा. आई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, पंचगंगेच्या घाटावर लुगडी वाळत घातल्यासारखं दिसतंय की गं.” नात आणि पणजी मिळून पिवळी शेतं मोजत होत्या. गाडी असती तर मुलगा स्टिअरिंगला, सून रस्त्याच्या नकाशाला, आणि वसंतातल्या सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद रस्त्यांवर वाहनांची रांग. पार्किंगचे पैसे वेगळे. बसमध्ये सहाच्या सहा जणांनी शेतं पाहिली.

आता आपल्या लोकांची खरी शंका. आमच्या स्वाध्यायातल्या एक भगिनी मला म्हणाल्या, “आपण कांदा-बटाटा घरात आणत नाही आणि तू कंदांचा बाजार बघायला गेलीस?” प्रश्न रास्त आहे. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ ही सगळी कंदातूनच येतात. कंद म्हणजे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शिवाय बागेमागचा व्यापारही साधा नाही. बाहेरच्या शेतांत कंद पोसावा म्हणून उमललेली फुलं यंत्राने खुडून टाकतात. कंदांच्या शेतीत औषधं फार फवारतात आणि त्यावरून तिथल्या लोकांतही वाद आहेत. बागेतले कंदही हंगाम संपला की उपसतात आणि शरद ऋतूत नवे लावतात. हे सगळं माहीत असूनही मी जा म्हणते.

मंदिरात भिंतीवर जांभळाच्या झाडाचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. सहा भुकेले वाटसरू. एकाला झाड मुळापासून तोडायचंय, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली फळं आणि सहावा खाली पडलेली वेचून खातो. झाड तेच, भूक तीच, लेश्या सहा. मला वाटतं फुलांच्या बागेतही आपली लेश्या दिसतेच. फोटोसाठी शेतात घुसून सऱ्या तुडवणारी माणसं असतात. तिथल्या शेतकऱ्यांना म्हणून दोऱ्या बांधाव्या लागल्या आणि पाट्या लावाव्या लागल्या. कुणी फूल तोडून केसात खोवतं. कुणी कंदांच्या पिशव्या घेतं. आणि कुणी पक्क्या वाटेवरून चालतं, बघतं, परत जातं. चालताना चार हात पुढची जमीन बघायची, ही आपली ईर्यासमिती. त्या बागेत ती पाळायला कष्ट पडत नाहीत, वाटा आखलेल्याच आहेत. वाट सोडू नये, एवढंच आपल्या हातात.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी फूल तोडलं नाही. आमच्या भागात बऱ्याच मंदिरांत फुलं वाहतात, काही ठिकाणी पुष्प म्हणून केशरात रंगवलेल्या अक्षता वाहतात. दोन्ही परंपरा आपल्याच, त्यावर मला वाद घालायचा नाही. आई अक्षताच वाहतात. अंगणातला पारिजातक खाली पडला तरच वेचतात. अशा बाईला इतकी फुलं एका जागी, झाडावरच, कुणी न तोडलेली बघायला मिळणं म्हणजे काय, हे मी शेजारी उभी राहून पाहिलंय. आपण फुलं बघतो ती बाजारात टोपलीत, हारात, लग्नाच्या मांडवात. म्हणजे तोडलेलीच. देठावर उभी असलेली फुलं बघणं हा त्यातल्या त्यात निर्दोष आनंद आहे असं माझं मत आहे. सुनेने एका माळ्याला विचारलं, पुढे यांचं काय होतं? कंद उपसतात हे तिने आईंना मराठीत सांगितलं. आई म्हणाल्या, “मग आत्ताच नीट बघून घेऊया.” अनित्य भावनेवर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. हे वाक्य त्यांच्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहिलं.

आणि परिग्रहाचं म्हणाल तर ट्यूलिपइतका मोठा धडा दुसऱ्या फुलाने दिलेला नसेल. ही फुलं मूळची हॉलंडची नाहीत, तुर्कस्तानच्या बाजूने युरोपात आली. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये लायडनच्या विद्यापीठाच्या बागेत ती लावली. पुढे श्रीमंतांत त्यांचं असं वेड पसरलं की दुर्मिळ कंदाला कुशल कारागिराच्या वर्षाच्या कमाईहून जास्त भाव यायला लागला. कंद जमिनीत, फूल कुणी पाहिलेलं नाही आणि कागदावर सौदे चालू. १६३७ च्या फेब्रुवारीत भाव कोसळले. त्याच देशात दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, अन्न मिळेना तेव्हा लोकांनी हेच कंद उकडून खाल्ले. एकदा लोभापायी डोक्यावर घेतलेली वस्तू, एकदा भुकेपायी चुलीवर चढवलेली. नातीला मी हे परतीच्या बसमध्ये सांगितलं. ती म्हणाली, “आजी, मग आपण नुसतं बघितलं ते बरं.”

तर कंद विकत घेऊ नका, असं माझं सांगणं आहे. धर्माचं कारण पटत नसेल तर व्यवहाराचं घ्या. असे कंद भारतात आणायला सरकारी परवाने लागतात. शिवाय ट्यूलिपला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. कोल्हापूर-सांगलीच्या कुंडीत त्याला पानं आली तरी नशीब.

जाणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. तिकीट वेळेचं असतं, ते आधी काढा. शनिवार-रविवार टाळा, सकाळची पहिली वेळ घ्या. एप्रिलमध्ये एका शनिवारी फुलांच्या रथांची मोठी मिरवणूक निघते, त्या दिवशी रस्त्यांवर फार गर्दी असते, म्हातारं माणूस बरोबर असेल तर तो दिवस नकोच. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी सांगून ठेवा. वारा बोचरा असतो, कानाला बांधायला काहीतरी हवं. पाऊस आला तर आत मोठी काचेची दालनं आहेत, बिआट्रिक्स नावाच्या दालनात ऑर्किड आहेत, तिथे उबही मिळते आणि बसायलाही.

खाण्याचं म्हणाल तर डबा न्या. तिथे सूप घ्यावं तर कांदा आणि दुसरं काही घ्यावं तर बटाटा. आम्ही दुधातल्या दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि उकळून गार केलेलं पाणी नेलं होतं. दशमी दोन दिवस मऊ राहते आणि थंडीत तूप थिजलं तरी चव जात नाही. रात्रिभोजनाची चिंता मुळीच नको. एप्रिलच्या मध्यानंतर तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. बसने निवांत घरी येऊन, खिचडी टाकून, चोविहार पाळता येतो. सहाला जेवायची सवय असलेल्या सासूबाईंना मात्र उन्हात जेवून उन्हातच प्रतिक्रमणाची वाट बघत बसणं फार चमत्कारिक वाटलं!

ज्यांना हॉलंड शक्य नाही त्यांनी मन लहान करू नये. बंगळुरूचा लालबाग आहे. १७६० मध्ये हैदर अलीने सुरू केलेली बाग, १८८९ चं काचघर, आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास तिथे फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. मिरजेहून रात्रीच्या रेल्वेने बंगळुरू आणि तिथे मेट्रोचं स्टेशनच लालबाग नावाचं आहे. तिथेही गाडी करायचं कारण नाही.

कुठेही जा, पण ठरवताना गाडीच्या सीटा मोजू नका, घरातली माणसं मोजा. आजी “मी थांबते” म्हणाली तर एकदा तरी विचारा, “बसने गेलो तर येशील?” उत्तर ऐकून मग तिकीट काढा.

जय जिनेंद्र.