एक्सप्लेनर : पेंग्विनला दुबार पेरणी नाही! समुद्रातला बर्फ महिनाभर आधी फुटला, तर काय होते?

रोहणा (जि. वर्धा) : मृगाचा पाऊस पडला, कपाशीची लागवड झाली आणि नंतर पावसाने दडी मारली, तर काय होते हे आर्वी तालुक्यातील रोहण्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वर्षभराची सरासरी कागदावर भरते, पण पाऊस वेळेवर आला नाही की हंगाम हातचा जातो. अंटार्क्टिकातील एम्परर पेंग्विनवर आलेले संकट असेच वेळेचे आहे.

राणीच्या बागेतले पेंग्विन हेच का?

नाही. मुंबईत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले आठ पेंग्विन हम्बोल्ट जातीचे होते. ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहते, तिला बर्फ लागत नाही. तिचा शत्रू एल निनो. समुद्र तापला की मासळी दूर जाते आणि पेंग्विन उपाशी राहतात. याच एल निनोच्या वर्षात, २०२३ मध्ये, भारताने १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला.

एम्परर पेंग्विनला बर्फ कशासाठी हवा?

ही जात घरटे बांधत नाही. किनाऱ्याला चिकटून गोठलेला समुद्र हीच तिची जमीन. मार्च-एप्रिलमध्ये पक्षी तिथे जमतात. मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते आणि नर दोन महिने उपाशी राहून ते पायांवर उबवतो. पिल्लू पोहण्याजोगे व्हायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर त्याच्या अंगावर फक्त मऊ लव असते. पाण्यात पडले की ती भिजते आणि पिल्लू गारठून किंवा बुडून मरते. म्हणजे बर्फ नऊ-दहा महिने टिकलाच पाहिजे.

मग झाले काय?

२०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रात पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्ले तयार होण्याआधीच फुटला. उपग्रहाच्या छायाचित्रांत विष्ठेच्या तपकिरी डागांवरून वसाहती ओळखल्या जातात. ते डागच नाहीसे झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्या खाली आला. १९७९ मध्ये उपग्रहाने सलग नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक.

दुसरीकडे जाता येत नाही का?

येते. हॅली बे ही एके काळी एम्पररची जगातील दुसरी मोठी वसाहत होती. २०१६ पासून सलग तीन हंगाम तिथे जवळपास एकही पिल्लू जगले नाही. बरेच पक्षी सुमारे ५५ किलोमीटरवरच्या दुसऱ्या वसाहतीत गेले. पण गेलेली पिल्ले परत येत नाहीत. शेतकऱ्याला कर्ज काढून का होईना, दुबार पेरणी करता येते. एम्पररला वर्षाला एकच अंडे, दुसरी संधी नाही.

सगळेच पेंग्विन घटत आहेत का?

नाही, आणि हे सांगायलाच हवे. अंटार्क्टिक द्वीपकल्पात मोकळे पाणी मानवणारे जेंटू पेंग्विन वाढत आहेत. अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप मात्र तिथे घटत आहेत. त्यांचे मुख्य खाद्य क्रिल, म्हणजे कोळंबीसारखा छोटा जीव. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणारे शेवाळ खाऊन जगतात. बर्फ घटला की ताटही रिकामे.

भारताचा संबंध काय?

अंटार्क्टिक करारात भारताला १९८३ पासून निर्णयाचा अधिकार आहे. मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र सांभाळते. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र संरक्षित करण्याच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला. तिथे सर्वसहमती लागते, त्यामुळे निर्णय अडकले आहेत. भारताने हा आग्रह सोडू नये.

मात्र संरक्षित क्षेत्रामुळे मासेमारी थांबेल, बर्फ वितळणे थांबणार नाही. कोळसा चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळो की चीनमध्ये, त्यातून निघणारा कार्बन एकाच हवेत मिसळतो. उत्सर्जनाच्या घोषणा २०५० आणि २०७० च्या होत आहेत. पिल्लाला डिसेंबरपर्यंत बर्फ हवा आहे आणि रोहण्याला जूनमध्ये पाऊस. या घोषणा दोघांच्याही हंगामाला उशिराच पोहोचणार आहेत.