सुराला मार्क किती?

गेल्या वर्षी एका शाळेच्या गायन स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसवलं. हातात तक्ता होता : सूर ४०, ताल ३०, सादरीकरण ३०. एक मुलगी पेटीला चिकटून अचूक गायली, तिला मी ८४ दिले. दुसरीचा गंधार किंचित खाली वाटला, पण ती गाताना मागच्या बाकांवरची पोरं गप्प झाली. तिला ७६. निकालानंतर तिचे अब्बा भेटले. "सर, माझी मुलगी कुठं कमी पडली?" मी म्हणालो, "शेवटी ज्याची त्याची आवड हो." हे खोटं होतं. आवडच म्हणाल तर मला तिचंच गाणं आवडलं होतं.

घरी येऊन मी त्या गंधाराचा विचार करत बसलो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा जरा खालीच असतो. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले, त्यामुळे तिचा गंधार चढा. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारात उभं केलं नाही, त्यामागे हीदेखील तक्रार होती. (बंदी अतीच होती, ते सोडा.) म्हणजे मी 'वस्तुनिष्ठ' म्हणून कापलेले मार्क चुकीच्या फूटपट्टीनं कापले असण्याची शक्यता आहे.

बरं, योग्य फूटपट्टी कोणती? सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचं गणित मांडलं, तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी नामवंत कलाकारांचे स्वर यंत्रावर मोजले, तर गंधार कलाकारागणिक वेगळा निघाला. एकाच कलाकाराचाही तो एका जागी थांबेना.

मग सगळं आवडीवरच? नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. जवारी बिघडलेली असेल तर चार जाणते कान एकच निकाल देतील. ती नीट लागल्यावर खुली हवी की बंद, हे मात्र गवई आपल्या गळ्याप्रमाणे ठरवतो. आवडीचा प्रांत तिथून सुरू होतो, त्याच्या आधी नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील, गाणंच नको, तर तुलना कशाला? तो वाद वेगळा. पण तरावीहला कुठल्या मशिदीत जायचं, हे तेही कारीचा आवाज ऐकूनच ठरवतात. तजवीद दोघांचीही बिनचूक असते, तरी एकाच्या मागे सफ वाढत जाते.

यंदा शाळेनं पुन्हा बोलावलंय. पेटीऐवजी तंबोरा लावा, आणि मार्कांसोबत प्रत्येक मुलाला दोन ओळी लिहून देऊ द्या, असं मी कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. त्या मुलीच्या अब्बांना मात्र मी उत्तर येण्याआधीच गाठणार आहे.