हुकुमाची हद्द

पेशावरचा किस्सा ख्वानी बाजार, 23 एप्रिल 1930. पुढाऱ्यांच्या अटकेने खवळलेला जमाव रस्त्यावर होता. एक चिलखती गाडी पेटली होती, पण जमावाच्या हाती बंदुका नव्हत्या. बंदुका होत्या त्या समोर उभ्या असलेल्या रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनच्या जवानांकडे. इंग्रज कॅप्टनने गोळीबाराचा हुकूम सोडला. हवालदार चंद्रसिंग गढवाली यांनी तिथल्या तिथे आपल्या जवानांना गोळी चालवू नका म्हणून बजावले, आणि बंदुका खाली आल्या. जमाव पठाण मुसलमानांचा आणि बंदूकवाले गढवालचे हिंदू. पलटण निवडताना सरकारने केलेला हिशेब त्या क्षणी चुकला. गोळीबार त्यामुळे टळला नाही. तो गोऱ्या सैनिकांनी केला आणि माणसे मेली. पण गढवाल्यांच्या बंदुकीने मेली नाहीत.

त्याआधी अकरा वर्षे, एप्रिलातच, अमृतसरच्या जालियनवाला बागेत पन्नास बंदुका सुमारे दहा मिनिटे चालत राहिल्या. 1,650 फैरी झाडल्या गेल्या, सरकारी आकड्यानेच 379 माणसे गेली. हुकूम जनरल डायरचा होता, पण चाप ओढणारी बोटे हिंदी फौजेतली होती. त्यांतल्या एकानेही नकार दिल्याची नोंद नाही. डायरबद्दल आपण शंभर वर्षे बोलत आलो, त्या पन्नास जणांबद्दल मात्र बोलायचे टाळले. पोटासाठी पलटणीत गेलेल्या गरीब शेतकऱ्यांच्या पोरांना दोष देणे जड जाते, हे खरे. पण चंद्रसिंगही त्याच घरांतून आले होते.

चंद्रसिंगांचे कोर्ट मार्शल ॲबटाबादला झाले. त्यांना जन्मठेप, साथीदारांना वर्षानुवर्षांची सक्तमजुरी. देशभर त्यांचा जयजयकार झाला. पुढे 5 मार्च 1931 रोजी गांधी-आयर्विन करार झाला, सत्याग्रही कैदी सुटले, आणि त्याच करारात स्पष्ट कलम होते की हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या सैनिकांना आणि पोलिसांना ही माफी लागू नाही. करारावर गांधीजींची सही होती. लंडनला गोलमेज परिषदेच्या वेळी एका फ्रेंच पत्रकाराने त्यांना याबद्दल छेडले, तेव्हा त्यांनी मुळीच सारवासारव केली नाही. ज्याने हुकूम पाळण्याची शपथ घेतली, त्याने ती मोडणे हा अपराधच. आणि उद्या राज्य आपल्या हाती आले तर याच फौजेकडून काम घ्यायचे आहे, आज तिला अवज्ञा शिकवली तर ती उद्या आपलेही ऐकणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

अहिंसेचा पुजारी असे बोलला, याचा अनेकांना आजही धक्का बसतो. मला या उत्तरात एका राज्यकर्त्याची खरी काळजी दिसते. कोणता हुकूम पाळायचा हे स्वतः ठरवणारी फौज कधीतरी सरकार कोणाचे असावे हेही ठरवू लागते. शेजारच्या पाकिस्तानात 1958 सालीच ते घडले. आपल्याकडे घडले नाही, यात जवानाच्या आज्ञाधारकपणाचा मोठा वाटा आहे.

हीच काळजी 1946 साली मुंबईत दिसली. 18 फेब्रुवारीला नौदलाच्या ‘तलवार’ या तळावरच्या खलाशांनी संप पुकारला, तो बंदरातल्या जहाजांवर पसरला आणि गिरण्यांचे कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. सरदार पटेलांनी खलाशांना शरण यायला सांगितले. स्वतंत्र हिंदुस्थानालाही शिस्तीचे सैन्य लागणारच, हे त्यांचे कारण होते. खलाशांनी ऐकले. स्वातंत्र्य आले, पण संपात बडतर्फ झालेल्या त्या पोरांना स्वतंत्र देशाच्या नौदलाने परत घेतले नाही.

गांधीजी आणि पटेल यांची भीती मान्य करूनही मी चंद्रसिंगांच्या बाजूने उभा आहे, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतले आहेत. युद्ध करावे की नाही, हा पहिला. तो सरकारचा, संसदेचा, मत देणाऱ्या नागरिकांचा; खंदकातल्या जवानाने तो सोडवत बसू नये. समोरच्या निःशस्त्र माणसाला मारू की नको, हा दुसरा. हा मात्र ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचाच. तो दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

हे दोन प्रश्न कसे वेगळे राहतात, ते व्हिएतनाममध्ये दिसले. त्याइतके वादग्रस्त युद्ध अमेरिकेने क्वचितच लढले असेल. 16 मार्च 1968 रोजी माय लाय गावात अमेरिकी तुकडीने बायका, म्हातारे, तान्ही मुले मारली. व्हिएतनामी नोंदीप्रमाणे 504. त्याच सकाळी ह्यू थॉम्पसन नावाच्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकी सैनिक यांच्यामध्ये उतरवले, आपल्या सैनिकांनी या लोकांवर गोळी झाडली तर त्या सैनिकांवरच झाडा असे साथीदारांना सांगितले, आणि हाती लागतील तेवढे जीव वाचवले. त्याने युद्धावर भाषण केले नाही, गणवेश उतरवला नाही; त्यानंतरही तो त्याच युद्धात उडत राहिला. गावात माणसे मारणाऱ्या तुकडीतला लेफ्टनंट कॅली कोर्टात म्हणत राहिला की आपण वरचा हुकूम पाळला. कोर्टाने 1971 साली ते मानले नाही: साध्या समजुतीच्या माणसालाही जो हुकूम बेकायदा असल्याचे कळते, त्याच्या आड लपता येत नाही. कॅलीला जन्मठेप झाली, पण तो साडेतीन वर्षांच्या आसपास नजरकैदेत राहून सुटला. थॉम्पसनला त्या कामाचे खरे पदक मिळायला 1998 उजाडले.

नकाराची किंमत हुद्द्याप्रमाणे बदलते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. मार्च 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानात जनतेवर फौज घालायला लेफ्टनंट जनरल साहबजादा याकूब खान यांनी नकार दिला आणि राजीनामा पाठवला. त्यांचा हुद्दा उतरवला गेला. पुढे ते राजदूत झाले, परराष्ट्रमंत्रीही झाले. जनरलला राजीनाम्याची वाट असते. हवालदाराला राजीनामा देता येत नाही, त्याच्यापुढे हुकूम किंवा कोर्ट मार्शल एवढेच असते. चंद्रसिंग 1941 साली, अकरा वर्षांनी तुरुंगाबाहेर आले.

आपल्या 1950 च्या लष्कर कायद्यात, कलम 41 मध्ये, वरिष्ठाचा हुकूम जाणूनबुजून धुडकावणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मात्र त्या कलमात नुसता ‘हुकूम’ नाही, ‘कायदेशीर हुकूम’ असा शब्द आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात सातारा-कोल्हापूरकडची पोरे कसम घेतात, ती याच कायद्याखाली. संरक्षण खात्याला आणि सैनिकी प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माझी विनंती आहे: हे कलम शिक्षेसकट शिकवताना त्यातला ‘कायदेशीर’ हा शब्दही रिक्रूटला त्याच्या भाषेत, उदाहरणांसकट समजावून सांगा, आणि त्या उदाहरणांत पेशावर असू द्या.