बॉस बसतो धडगावला

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. ठिकाण : एफसी रोडवरचं आमचं नेहमीचं टेबल. मित्राने कॉफीत साखर ढवळता ढवळता बॉम्ब टाकला.

"सोडतोय यार जॉब. आता एन्व्हायर्न्मेंटल जस्टिसमध्ये काम करायचं. आणि सगळ्यात भारी म्हणजे, फुल रिमोट!"

"कुठलं काम?"

"नंदुरबार. सातपुड्यातली गावं."

म्हणजे काम धडगावचं आणि खुर्ची कोथरूडची! मला हसू आलं, पण लगेच आवरलं. कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय. तो किस्सा पुढे सांगतो, आधी फंडा क्लिअर करू.

पर्यावरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो रोपटं लावतानाचा ऑफिसचा ग्रुप फोटो. पर्यावरणीय न्याय हे प्रकरण वेगळं आहे. वीज कुणाच्या एसीला मिळणार आणि त्यासाठी पाणी कुणाच्या शेतात शिरणार, हा त्यातला प्रश्न. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यातली. सगळी आदिवासी वस्तीची. बिल त्यांच्या नावावर फाटलं.

आता 'रिमोट'चं बघू. लांब बसून अशा लढाईत काम करणं हे काही लॉकडाऊनचं अपत्य नाही. या धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. मणिबेलीच्या शेतकऱ्याने बँकेचं दार कसं ठोठावायचं? मग वॉशिंग्टनमधल्या काही पर्यावरणवादी मंडळींनी ते काम अंगावर घेतलं. १९८९ मध्ये मेधा पाटकर अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे बोलल्या. पुढे बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. त्या मोर्स समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला आणि त्यात पुनर्वसनाचे वाभाडे निघाले. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारत सरकारनेच नको म्हणून सांगितलं. हे सगळं व्हिडिओ कॉलशिवाय! पण वॉशिंग्टनच्या फायलीला वजन आलं ते मणिबेलीत माणसं घर सोडायला तयार नव्हती म्हणून. तिथे कुणी ठाम उभं नसतं, तर इथली फाईल नुसती रद्दी.

हॅपी एंडिंग मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये बांधकामाला परवानगी दिली आणि २०१९ मध्ये धरण १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं.

दुसरी गोष्ट तुम्ही थिएटरमध्ये पाहिली आहे. २००४ चा 'स्वदेस' आठवतोय? नासावाला शाहरुख गावात येऊन पाण्यावर वीज करतो तो? शूटिंग वाईजवळच्या मेणवलीत झालं, पण तशीच खरी वीज त्याआधीच अक्राणी तालुक्यातल्या बिलगावात पेटली होती. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे इंजिनिअर गावात येऊन राहिले. पैशांचा भार 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट'ने उचलला. ही १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली भारतीयांची संस्था. दिवसा नोकरी आणि वीकएन्डला हे काम, असे तिचे कितीतरी व्हॉलंटिअर. आणि बंधाऱ्याचे दगड वाहिले ते गावकऱ्यांनी, श्रमदानाने. २००३ मध्ये १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला, पाड्यापाड्यांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो बुडाला. कारण? सरदार सरोवराची वाढलेली उंची. गावाने स्वतः उभारलेली वीज मोठ्या विजेच्या पाण्याखाली गेली. सिनेमात हा सीन नाही.

पण कामाची वाटणी बघा. पैसे दुरून आले, ते चाललं. इंजिनिअर मात्र दुरून आले नाहीत, ते येऊन राहिले. कोणतं काम कुठून होतं, याचं इतकं सोपं उत्तर मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं.

म्हणून तर आपटलो! काही वर्षांपूर्वी मी वीकएन्डला नकाशे करून देत होतो. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कसतायत, तिच्यावरचा हक्क मिळवायचा तर ग्रामसभेकडे दावा करायचा आणि पुरावे जोडायचे. मी घरी बसून उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर शेतांच्या कडा आखायचो. मस्त एसी, हेडफोन, बाजूला चहा. एका दाव्यात अर्ध्या तुकड्यावर त्या सालच्या चित्रात पिकाची खूण दिसेना. मी तो भाग 'पडीक' म्हणून सोडून दिला आणि फाईल पाठवली. मनात म्हटलं, एक नंबर काम झालं.

दोन दिवसांनी तिथल्या कार्यकर्तीचा फोन. रेंजसाठी ती टेकडीवर चढली होती, वारा नुसता घोंघावत होता. म्हणाली, "दादा, बाबा म्हणतायत, अर्धं शेत कुठे गेलं?" मागून एका म्हाताऱ्याचा आवाज, पावरी बोलीत. तिने मराठीत सांगितलं, "त्या साली तिथे पेरलं नव्हतं. जमिनीला विसावा दिला होता. बांधावर मोहाची दोन झाडं आहेत, ती यांच्या वडिलांच्या वेळची."

मी चित्र मोठं केलं. खरंच दोन काळे ठिपके होते. मी त्यांना सावली समजलो होतो.

नशीब, दावा दाखल करण्याआधी तिने नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवला होता. नाहीतर माझ्या एका क्लिकने त्यांचं अर्धं शेत कागदावरून गायब झालं असतं. त्यांना ते परत मिळवायला किती वर्षं आणि किती चकरा लागल्या असत्या, कोण जाणे. मला मात्र कधी कळलंही नसतं. रिमोट कामातली भीती हीच. चूक आपली, भोगणारा भलताच.

गंमत म्हणजे कायद्याला ही अक्कल आधीपासून आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा नियमांत पुरावा मानलाय. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून वापरायचं, बाकीच्या पुराव्यांना पर्याय म्हणून नाही, असं २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्टच म्हटलंय. म्हणजे म्हातारा पहिला साक्षीदार, माझा लॅपटॉप दुसरा.

मग मित्राला काय सांगितलं? दुरून करण्यासारखं भरपूर आहे, बॉस. प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल जाडजूड इंग्रजीत असतात आणि जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवसांची. तेवढ्यात तो अहवाल वाचून गावाला कळेल अशा मराठीत चार पानं करून देणारा माणूस सोन्यासारखा. माहिती अधिकाराचे अर्ज, कोर्टाच्या तारखा, नकाशे, हिशेब, हे सगळं कोथरूडहून जमतं. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ तर पुण्यातच आहे.

पण तीन गोष्टी. एक, पगार आयटीचा नसेल, ईएमआय मोजूनच राजीनामा दे. दोन, पहिला महिना तिथेच राहायचं, बाजार आणि ग्रामसभा बघायची, बोलीतले चार शब्द शिकायचे. तीन, आपली फाईल तिथे मोठ्याने वाचून होत नाही तोवर ती 'फायनल' नाही. अप्रेझल तिकडचे लोक करणार.

"म्हणजे बॉस धडगावला बसणार?" तो म्हणाला.

"बसणार कसला? तो टेकडीवर उभा असतो, रेंज शोधत. त्याचा फोन आला की पहिल्या रिंगला उचलायचा."

त्याने कॉफी संपवली, मोबाइल काढला आणि शहाद्याची रात्रीची बस शोधू लागला.